अंधाराचा वेग कसा मोजायचा

प्रकाशाचा वेग शिकवला की वर्गातून हा प्रश्न येतोच: "बाई, मग अंधाराचा वेग किती?" अंधार म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव, असं सांगून त्या मुलाला खाली बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. अंधाराची कड सरकताना डोळ्यांना दिसते, आणि जे सरकतं ते मोजता येतं. आपण नेमकं काय मोजतोय, तेवढं मात्र पक्कं ठाऊक हवं.

सुरुवात घरातच करा. खोलीत काळोख करून मोबाइलचा टॉर्च भिंतीपासून 4 मीटरवर डब्याला टेकवून ठेवा. ट्यूबलाइट इथे कामाची नाही, लांबट दिव्यामुळे सावलीची कड पसरट पडते. काही मोबाइलमध्ये टॉर्चचे दोन ठिपके असतात आणि प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडतात. तसं झालं तर एका ठिपक्यावर काळी चिकटपट्टी लावा. आता टॉर्चपासून 20 सेंटिमीटरवर पेन्सिल उभी धरा आणि आडवी सरकवा. पेन्सिल 10 सेंटिमीटर सरकली की भिंतीवर सावली 2 मीटर जाते, म्हणजे वीसपट. भिंतीवर 2 मीटर अंतराने खडूच्या दोन खुणा करा आणि दुसऱ्या फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. सेकंदाला 240 फ्रेम असतील आणि सावलीला दोन खुणांमध्ये 30 फ्रेम लागल्या, तर वेळ झाला सेकंदाचा आठवा भाग आणि वेग सेकंदाला 16 मीटर. हात तर जेमतेम हललेला असतो!

इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत गेलं काय? काहीच नाही. भिंतीच्या प्रत्येक जागेला टॉर्चकडून तिचा स्वतःचा प्रकाश येत होता, तो एकेका जागी पाळीपाळीने अडला. म्हणूनच सावलीच्या वेगाला वरची मर्यादा नाही. समजा, असाच झोत चंद्रावर पोहोचला आणि त्यात धरलेल्या पेन्सिलीची सावली चंद्राच्या बिंबावरून सेकंदाच्या शंभराव्या भागात सरकली. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर, म्हणजे वेग झाला सेकंदाला जवळपास साडेतीन लाख किलोमीटर. प्रकाशाचा वेग तीन लाख! तरी भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम मोडत नाही, कारण चंद्राच्या एका कडेचा निरोप या सावलीवरून दुसऱ्या कडेला धाडता येत नाही.

दुसरा प्रयोग माझा सगळ्यात लाडका, आणि त्याला दोन गावं लागतात. माझी नणंद नागपूरला असते, मी दादरला. 21 मार्चच्या सुमारास हे करायचं, कारण तेव्हा संध्याकाळची कड, म्हणजे पृथ्वीवरची उजेड-अंधाराची सीमा, जवळजवळ सरळ दक्षिणोत्तर असते. (सप्टेंबरातही चालतं, पण आपल्याकडे ढगांचा भरवसा नाही.) पश्चिमेला क्षितिज मोकळं हवं, एखादी इमारत सूर्याला एक अंशही आधी झाकत असेल तर चार मिनिटांचा फरक पडतो. म्हणून वन्सं अंबाझरी तलावाच्या बांधावर जातात आणि मी चौपाटीवर. सूर्याची वरची कड दिसेनाशी झाली की त्यांचा फोन येतो, "गेला गं!" माझ्यासमोर तेव्हा सूर्य चांगला वर असतो. पुढे साधारण पंचवीस मिनिटांनी तो दादरला बुडतो. दोन्ही शहरांच्या रेखांशांत 6.2 अंशांचा फरक आहे, आणि आपल्या अक्षांशावर एक अंश म्हणजे सुमारे 104.5 किलोमीटर, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर 650 किलोमीटर धरा. भागाकार केला की ताशी 1,560 किलोमीटर येतात. महाराष्ट्रावरून संध्याकाळ आवाजापेक्षा जोरात धावते. चंद्र स्वतःभोवती फार सावकाश फिरतो, त्यामुळे त्याच्या विषुववृत्तावर हीच कड ताशी जेमतेम 15 किलोमीटरने सरकते. सायकलवरून तिला मागे टाकता येईल.

आता उरला दिवा विझण्याचा अंधार. हा वेगळा हिशेब आहे, आणि इथे मर्यादा पक्की आहे. दिवा विझताना निघालेला शेवटचा प्रकाश तुमच्यापर्यंत पोहोचतो आणि त्याच्या मागोमाग अंधार, त्यामुळे त्याचा वेग प्रकाशाइतकाच, सेकंदाला 2,99,792 किलोमीटर. गंमत म्हणजे प्रकाशाचा वेग माणसाला आधी अशाच विझण्या-पेटण्यातून कळला. आयो हा गुरूचा चंद्र साधारण साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो. पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की या ग्रहणांना उशीर होत जातो, हे ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने 1676 मध्ये पॅरिसला मांडलं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला 22 मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज होता. आजचं उत्तर 16 मिनिटं 40 सेकंदांच्या आसपास आहे.

छोटी दुर्बीण असेल तर हेही करून पाहा. गुरूची प्रतियुती (पृथ्वी सूर्य आणि गुरू यांच्या मधे येते ती वेळ) झाल्यावर पुढच्या महिन्यांत आयो सावलीतून बाहेर येताना दिसतो. त्याच वेळा लिहा, शिरण्याच्या वेळा त्यांत मिसळू नका. एका फेरीत फार तर पंधरा सेकंदांचा उशीर होतो. आयो हळूहळू उजळत असल्याने तेवढा फरक घड्याळावर पकडता येत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या नोंदी हव्यातच.