पोर्ट्समथची ऐतिहासिक गोदी: मंडळाची सहल कशी आखावी

लंडनच्या वॉटर्लूहून थेट गाडी पकडा आणि पोर्ट्समथ हार्बर या शेवटच्या स्टेशनवर उतरा (आधीच्या पोर्ट्समथ अँड साउथसीवर नव्हे, इथेच निम्मी मंडळी फसतात). तिथून गोदीचं फाटक चालत पाच मिनिटांवर आहे.

तिकिटं गटाच्या दरात आधीच काढा. दहा-बारा जणांच्या तुकड्या करा आणि प्रत्येकीला एक म्होरक्या द्या. तीसजण एकदम व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेवर चढले, तर जिन्यांवरच खोळंबा होतो.

१७६५ साली पाण्यात उतरलेली व्हिक्टरी १९२२पासून कोरड्या गोदीत उभी आहे. ती सकाळीच उरका. खालच्या मजल्यांवर तुळया इतक्या खाली आहेत की उंच माणसाला वाकूनच चालावं लागतं. जिने उभे आहेत. उतरताना तोंड जिन्याकडे ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा. साडी, चपला, पाठीवरची मोठी सॅक नकोच. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना सरळ मेरी रोझकडे न्या, तिथे लिफ्ट आहे. १५४५ला बुडालेलं आणि १९८२ला वर काढलेलं ते जहाज तासभर तरी मागतं. घाई करू नका.

वॉरियर ही युद्धनौका शेवटी ठेवा. तिच्या साडेचार इंची लोखंडी चिलखतामागे अठरा इंच सागवान आहे. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली सागवानी ट्रिंकोमाली मात्र इथे शोधू नका, ती हार्टलपूलला आहे.