माळ्यावरून उतरवलेला क्वाड ३०३ पहिल्यांदा सुरू करताना

ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळे रिकामे होतात, आणि एखाद्या घरातून क्वाड ३०३ खाली उतरतो. पीटर वॉकर यांनी १९३६ साली सुरू केलेल्या कंपनीचा हा १९६७चा अँप्लिफायर, चॅनेलमागे ४५ वॅटचा. सगळे सांगतात, ‘प्लगला लावून तर बघा!’ तेवढं मात्र करू नका.

धूळ ब्रशने झाडा. खाडीच्या दमट हवेने सॉकेट काळे पडलेले असतात, त्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. फ्यूज योग्य क्षमतेचा आहे ना आणि व्होल्टेजची निवड आपल्या २३० व्होल्टला साजेशी आहे ना, ते बघा. स्पीकर जोडू नका.

आता सिरीज बल्ब. वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तेच त्याचं इन्सुलेशन. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो थर झिजतो. एकदम विजेचा पूर्ण दाब दिला तर कपॅसिटर गळतो, तापतो, कधी फुटतो. म्हणून अँप्लिफायरच्या वायरीत ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घ्यायचा, म्हणजे वीज बल्बातून होऊन जाते आणि अँप्लिफायरवर एकदम पूर्ण दाब येत नाही. हा बल्ब तारेचाच हवा, एलईडी अजिबात नको. माझ्या पहिल्या ३०३ला मी घरात होता तो एलईडीच लावला होता. तो लुकलुकत राहिला, त्यावरून काहीच कळेना. शेवटी कंटाळून थेट प्लगला लावलं आणि मिनिटभरात जळका वास आला. सर्किट बोर्डवर कपॅसिटरचं पाणी पसरलं होतं. ते नुकसान आजही सलतं.

तारेचा बल्ब सुरुवातीला लख्ख पेटेल आणि काही सेकंदांत मंदावेल. मंदावला नाही तर लगेच बंद करा. आत कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी मोठा बल्ब लावून बघण्याचा मोह निक्षून टाळा. मंदावला तर तासभर तसाच ठेवा, पण समोरून हलू नका. मग १०० वॅटचा बल्ब लावून आणखी अर्धा तास.

त्यानंतरच थेट वीज द्या आणि मल्टिमीटर लावा. ३०३चा वीजपुरवठा नियंत्रित असतो, तो ६७ व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. दोन्ही चॅनेलच्या आउटपुट कपॅसिटरआधीचा दाब त्याच्या निम्मा, साधारण ३३.५ व्होल्ट असावा. एका चॅनेलवर बराच वेगळा आला तर स्पीकरचा विचारही करू नका. मोजताना एक हात मागे ठेवा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नका.

सगळं जुळलं तरी जुने इलेक्ट्रोलिटिक बदलाच. लॅमिंग्टन रोडवर मिळतात, फक्त वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल घेऊ नका. बदलल्यावर पुन्हा सिरीज बल्बपासून सुरुवात करायची. स्पीकर टर्मिनलवर डीसी जवळपास शून्य आला की आधी एखादा जुना, स्वस्त स्पीकर जोडा.