साधं लग्न करायचंय, पण भावकीही तोडायची नाही

लातूर-बीडकडे लग्न घरापुरतं नसतं, सगळ्या भावकीचं असतं. म्हणून नोंदणी पद्धतीने करायचं ठरलं तर आधी घरात बोला, विवाह नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस नंतर द्या. उलट झालं की कार्यालयाच्या फलकावरची नोटीस कुणीतरी वाचतं आणि वडिलांना ते पारावर कळतं. मग राग लग्नाचा नसतो, न विचारल्याचा असतो.

पहिलं आईशी किंवा मामाशी बोला. नुसतं "मोठं लग्न नको" म्हणू नका; काय ठेवणार तेही सांगा. हळद, तुळजापूरचं दर्शन, पुरणपोळीची एक पंगत. मानपानाचे आहेर आणि डीजे नाही. हुंड्यावर तडजोड करूच नका. १९६१ च्या कायद्याने देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे.

नोंदणी पद्धतीचं हे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने होतं. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबायचं, लग्नाला ३ साक्षीदार. नोटीस ३ महिनेच चालते, म्हणून हळदीची तारीख या मधल्या काळातच धरा. साक्षीदारांत एक चुलता जरूर घ्या: सही केलेला माणूस गावात तुमच्या बाजूने बोलतो.