नवजात बाळाची कावीळ : बाळंतिणीने काय करावे, काय पाहावे

पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी सुमारे सहा जणांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होतेच. म्हणून ती मुळीच होऊ नये यासाठी धडपडण्यापेक्षा ती वाढू नये आणि वाढलीच तर वेळेत कळावी, याकडे आईने लक्ष द्यावे. तांबड्या पेशी फुटून तयार होणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बाळाच्या कोवळ्या यकृताला लवकर झेपत नाही आणि ते शरीराबाहेर मुख्यतः शीवाटे जाते. शी होत राहण्यासाठी दूध पोटात जायला हवे. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, पुढे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे आणि झोपाळू बाळाला तळपाय चोळून उठवावे. मध, गुटी किंवा साखरपाणी देऊ नये, कारण त्याने पोट भरते आणि दूध मागे पडते. मोठ्यांच्या काविळीवर आपल्याकडे दिला जाणारा भुईआवळीचा रस तर बाळाला मुळीच पाजू नये. पाचव्या दिवसापर्यंत शी पिवळी झाली आणि दिवसाला सहा लंगोट ओले होऊ लागले, की दूध पुरते आहे असे समजावे.

गोव्यातल्या दमट पावसाळ्यामुळे थोरल्याची झबली अनेक घरांत डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवलेली असतात. जीसिक्सपीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही भराभर फुटू शकतात. तेव्हा असे कपडे, मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही हौसेने काढून दिले तरी, बाळाला घालू नयेत.

बाळंतिणीची खोली बहुधा अंधारी असते, त्यामुळे बाळाला रोज खिडकीपाशी नेऊन कपाळ बोटाने हलके दाबून सोडावे आणि दाबल्या जागी पिवळसर छटा दिसते का ते पाहावे. बाळ सावळे असल्यास डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली पायांकडे सरकतो, मात्र बिलिरुबिन नेमके किती आहे ते तपासणीनेच कळते. कोवळे ऊन हा त्यावरचा उपचार नव्हे. रुग्णालयात काविळीवर देतात त्या निळ्या प्रकाशाची तीव्रता मोजलेली असते, उन्हाची नसते.

आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, पिवळे तळपाय, दूध न ओढणे, अंग सैल पडणे किंवा किंचाळल्यासारखे रडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ ला फोन करावा. चौदा दिवसांनंतरही कावीळ उरली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते. त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाल्यास अधिक यशस्वी ठरते, म्हणून तशी शी झालेला लंगोट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावा.