जुन्या दुनळीच्या नळ्या: या चुका टाळा

आजोबांच्या काळातली बर्मिंगहॅमची नाहीतर बेल्जियमच्या लिएजची दुनळी नातवाच्या लायसन्सवर आली रे आली की तो तिला पहिल्याच रविवारी चकाचक करायला बसतो, आणि तिथेच अर्ध्या बंदुकांची वाट लागते.

एक नंबरची चूक: नळीत डोकावायचं, आत लख्ख दिसलं की "ए वन कंडिशन" म्हणून मोकळं व्हायचं. अहो, लख्ख दिसतंय म्हणजे कुणीतरी घासलंय एवढंच कळतं. गंजाचे खड्डे घासून काढले तर त्यांच्या आजूबाजूचा धातूपण गेलाच ना? भिंत किती उरली ते डोळ्याला दिसत नाही, त्याला वॉल थिकनेस गेज लागतो. २० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, त्याच्या खाली गेलेली नळी मी तरी उडवत नाही. आणि दुसरा बोअर गेज, नळीचा आतला व्यास मोजणारा. १९५४ नंतर प्रूफ (जादा दाबाचा बार उडवून केलेली अधिकृत चाचणी) झालेल्या बऱ्याच इंग्लिश बारा बोअरवर .७२९ (इंच) असा आकडा ठोकलेला असतो, ब्रीचपासून, म्हणजे काडतूस घालतात त्या टोकापासून, ९ इंच आत मोजायचं, तिथे .७४० भरलं तर ती बंदूक आउट ऑफ प्रूफ. इंग्लंडमध्ये अशी विकणं गुन्हा आहे, आपल्याकडे कुणी विचारतच नाही. त्यापेक्षा जाड भिंतीची, थोडे खड्डे असलेली नळी मी डोळे झाकून घेईन. ड्रिलला वायर ब्रश लावून आत फिरवणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

दुसरी चूक, हिचा मला खरोखर राग आहे: हॉट ब्लूइंग, म्हणजे उकळत्या क्षारांच्या द्रावणात बुडवून नळ्या काळ्या करणं. ओळखीतल्या एका काकांकडे डमास्कस नळ्यांची लिएजची दुनळी होती, लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून केलेली ती तपकिरी नक्षी नुसती बघत बसावी अशी. काकांना घाई, एका दुकानात दिली, दोन दिवसांत काळीकुळकुळीत होऊन आली, काका खुश, नक्षी गेली त्याचंही काही वाटलं नाही. पावसाळ्यात रिबच्या, म्हणजे दोन नळ्यांमधल्या लांब पट्टीच्या, कडेने तपकिरी पाणी झिरपायला लागलं आणि दिवाळीपर्यंत रिब पुढून चक्क उचललेली. कारण साधं आहे, या नळ्यांच्या रिब्स शिशा-कथलाच्या सोल्डरने जोडलेल्या असतात आणि ब्लूइंगचं उकळतं कॉस्टिक ते सोल्डर खातं, वर त्याचे क्षार रिबखाली अडकून आतून गंज चढवत राहतात. जुन्या नळ्यांना स्लो रस्टच करायचं, म्हणजे द्रावण लावा, गंज चढू द्या, डमास्कस नसेल तर पाण्यात उकळा, घासा, परत तेच, बरेच दिवस. दोन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याकडून बंदूक उचला आणि चालू पडा.

रिब ढिली आहे का ते बघायला फुकटची टेस्ट आहे: नळ्या दस्त्यापासून सोडवा, लंपला (नळ्यांखालचा, बंदुकीत अडकणारा खुंट) बोट अडकवून लटकवा, पेन्सिलीने टिचकी मारा. स्वच्छ, लांब नाद आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा भद्द आला तर गनस्मिथ गाठा.

बाकीचं पटकन सांगतो. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरचं असेल तर ७० चं काडतूस घालू नका. "बसतंय की" हे उत्तर नाही, खोक्यावरची लांबी उडवल्यानंतरची असते, क्रिम्प, म्हणजे काडतुसाचं दुमडलेलं तोंड, उलगडतो तो पुढच्या कोनमध्ये, म्हणजे चेंबर निमुळतं होतं तिथे, आणि प्रेशर वाढतं. स्टील शॉट (पोलादी छर्रे) जुन्या, टाइट चोकच्या, म्हणजे तोंडाशी जास्त आवळलेल्या, नळ्यांत अजिबात नको. उडवण्याआधी नळीतलं तेल पुसा आणि आरपार बघा, चिंधी राहिलेली असते. डब्ल्यूडी-४० चा फवारा मारला की काम झालं असं समजणाऱ्यांनी कोकणात एक पावसाळा काढून दाखवावा.

माझी सवय अशी: आधी वर्तमानपत्राचा बोळा दांडीने आरपार ढकलतो, निम्मी घाण त्यातच येते, मग सॉल्व्हंट आणि फॉस्फर ब्राँझचा ब्रश, कोरडी चिंधी, पातळ तेल. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी, ती तपकिरी आली तर सगळं पहिल्यापासून. काळी दारू वापरली असेल तर आधी गरम पाणी, कारण ते क्षार नुसत्या तेलाने निघत नाहीत. ठेवताना तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही, आणि लेदर केसमध्ये तर ठेवूच नका, चामडं ओल धरून बसतं. पोचा पडला तर बाहेरून हातोडी नको, तो आतून डेंट रेझरने उचलायचा असतो, आणि तेही रिपेअरचं लायसन्स असलेल्याकडूनच, गल्लीतल्या वेल्डरकडून नाही.