पदार्थ झक्कास, फोटो भकास? या चुका टाळा

समोर ठेवलेल्या मिसळीवर तर्री लालभडक चमकत असते आणि फोटोत तिचा काळपट तेलकट थर होतो. पिठलं हिरवट दिसतं, उकडीचे मोदक निळे पडतात, आणि स्टीलच्या ताटात जेवणापेक्षा छताचा पंखाच ठळक येतो. मग खापर फोनवर फुटतं. पण गेल्या पाच-सहा वर्षांतला कुठलाही बरा फोन या कामाला पुरतो. बिघडतं ते बहुतेक वेळा उजेडामुळे, आणि उरलेलं फोटोला उशीर केल्यामुळे. घरून डबे किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांना तर हे कळलंच पाहिजे, कारण त्यांचं दुकान म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटोच.

सगळ्यात आधी लेन्स पुसा. स्वयंपाक करतानाच्या हातांनी फोन धरलेला असतो आणि लेन्सवर तुपाचं बोट उमटलेलं असतं. फोटो धुरकट येत असेल, चकाकत्या जागांभोवती वलय दिसत असेल, तर सेटिंग शोधत बसू नका. सुती कपड्याचा कोपरा फिरवा.

खिडकीही आणि ट्यूबही

ओट्यावर उजेड कमी वाटला की हात आपसूक बटणाकडे जातो. तिथेच घात होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा लहान तितका पिवळा, मोठा तितका निळसर. खिडकीतल्या दिवसाच्या उजेडाचा रंग साधारण ५५०० केल्विन. 'कूल डेलाइट' लिहिलेला एलईडी ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर. पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा. आपला डोळा हे सगळं सांभाळून घेतो, पण फोन साधारणपणे पूर्ण फोटोसाठी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा तोल, ठरवतो. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की भाताची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते. ते नंतर कुठल्याही ॲपमध्ये नीट निस्तरत नाही.

दिवसा फोटो काढताना घरातले दिवे बंद करा, चिमणीखालचा छोटा दिवासुद्धा. ओट्याचा हट्ट सोडा. वर कपाटं, समोर टाइल्स, उजेड डोक्यावरून येणारा: फोटोसाठी घरातली सगळ्यात वाईट जागा ती. गॅलरीच्या दाराशी पाट टाका आणि त्यावर ताट ठेवा.

रात्री काढायचाच असेल तर एकच टेबललॅम्प ताटाच्या बाजूला ठेवा आणि मध्ये बटर पेपर धरा. स्वस्त एलईडीत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची असते आणि तो दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातात. फ्लॅश मात्र कधीच नको.

खिडकीकडे पाठ करून उभं राहणं

'उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून हवा' ही माणसांचे फोटो काढतानाची शिकवण आपण ताटालाही लावतो. त्याने पदार्थ सपाट दिसतो, वर आपलीच सावली ताटात पडते. जेवणाला उजेड बाजूने किंवा ताटाच्या किंचित मागून हवा. पुरणपोळीवरचं तूप, रश्शावरचा तवंग, आमटीची वाफ हे सगळं मागच्या उजेडातच जिवंत होतं. वाफ दिसायला मागे काहीतरी गडद हवं, पांढऱ्या भिंतीपुढे ती हरवते.

मग पुढची बाजू अंधारते. त्यासाठी टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवा. तो ताटाच्या खिडकीविरुद्धच्या बाजूला, ताटापासून वीतभर अंतरावर उभा करा, म्हणजे उजेड त्यावरून ताटावर परततो. एकदा ठेवून आणि एकदा काढून बघा, फरक लगेच दिसेल.

'उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो युरोप-अमेरिकेतला. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते शून्य सावलीचे दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात ते म्हणूनच. शिवाय मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. तेव्हा दिशेवर विसंबू नका. ऊन थेट पडत असेल तर खिडकीला पांढरी ओढणी किंवा जुनं धोतर लावा. पावसाळ्यात उलट अडचण: उजेड मऊ, पण कमी, आणि फोन हलून फोटो अस्पष्ट येतो. पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा करा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा.

स्टीलचा पंखा, स्टीलचा टी-शर्ट

स्टील नकोच म्हणून सिरॅमिकच्या बशा विकत आणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आपलं वरण-भात-तूप स्टीलच्या ताटातच खरं दिसतं. स्टील फक्त आरसा आहे एवढं लक्षात ठेवायचं: समोर जे असेल ते दाखवणार. पंखा दिसतोय? ताट थोडं सरकवा किंवा कॅमेऱ्याचा कोन बदला. वाटीच्या काठावर लाल डाग दिसतोय? तो तुमचा टी-शर्ट आहे, साधा फिकट घाला. एका बाजूला तोच थर्माकोल आणि दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर उभा केला की वाटीला स्वच्छ उजळ काठ आणि गडद कड येते. एवढं करायचं नसेल तर पत्रावळ, लाकडी पाट किंवा मातीचं भांडं वापरा. केळीच्या पानालाही चकाकी असते, पण ती शोभते.

फराळाची गोष्ट वेगळी. चकली, शंकरपाळे, अनारसे, शेव सगळं एकाच तांबूस रंगाचं, आणि ते आपण ठेवतो तांबूस लाकडी टेबलावर. खाली गडद हिरवं किंवा राखाडी कापड घाला. उजेड अगदी आडवा येऊ द्या, मग चकलीचे काटे उठून दिसतात.

सगळ्यालाच वरून फोटो

भरलेलं ताट बरोबर वरून घ्या, फोन जमिनीला समांतर ठेवून. कॅमेऱ्यातलं ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू केलं तर तिरकेपणा कळतो. वडापाव, मोदक, धिरड्यांची चळत यांना मात्र उंची असते. त्यांच्यासमोर बसा, फोन जवळजवळ त्यांच्या पातळीवर आणा. वरून काढलेला वडापाव म्हणजे नुसता पाव.

ताट अंड्यासारखं लांबट येत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. फोनची मुख्य लेन्स रुंद पाहणारी असते, जवळून ती पुढचं फुगवते. दोन पावलं मागे जा आणि २ एक्स झूम निवडा. मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडवर भरवसा ठेवू नका. वाटीचा काठ आणि कोथिंबिरीची टोकं तो सर्रास पुसतो.

वाढून झाल्यावर फोटोची जुळवाजुळव

पुरी फुगलेली राहते ती काही मिनिटंच. फरसाण रश्शात मऊ पडतं, मोदकाची पारी सुकून तिला भेगा जातात, कोथिंबीर गरम उसळीवर मान टाकते. म्हणून क्रम उलटा करा. आधी रिकामं ताट ठेवा, वाटीत पाणी घाला, पोळीच्या जागी कालची पोळी चालेल. उजेड, कोन, थर्माकोल सगळं जुळवा. मगच खरं जेवण वाढा.

मिसळीत उसळ आणि रस्सा आधी, फरसाण शेवटच्या क्षणी, तर्री चमच्याने कडेकडेने, आणि कांदा-कोथिंबीर सगळ्यात वर. मोदकांवरून फोटोआधी तुपाचं बोट फिरवा. उसळीची मटकी रश्शात बुडून जात असेल तर बाउलच्या तळाशी एक छोटी वाटी पालथी घालतात. घरच्या हौसेला ठीक आहे. ऑर्डरच्या फोटोत नको, डबा उघडल्यावर गिऱ्हाइकाला उसळ कमी भरलेली वाटते.

पांढरा भात राखाडी, काळा रस्सा फिका

फोन सगळं मध्यम उजेडात आणू बघतो. फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल, इडल्या किंवा दहीभात, तर तो काळवंडवतो. तेव्हा स्क्रीनवर पदार्थावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवा. काळ्या मसाल्याचा रस्सा काळ्या कढईत असेल तर उलट करा, थोडी खाली.

फिल्टरने रंग भडक करण्याचा मोह आवरा. तर्रीचा लाल आधीच टोकाला असतो. आणखी वाढवला की तेलाचे थेंब जाऊन नुसता लाल डाग उरतो. एडिटिंगमध्ये आधी भात पांढरा दिसेपर्यंत रंगाचा तोल सुधारा, बाकीचे रंग बरेचसे आपोआप जागेवर येतात.

इतकं करून फोटो गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर फुटलेला दिसत असेल, तर व्हॉट्सॲप पाठवताना तो दाबून लहान करतं. पाठवण्याआधी एचडीवर टिचकी मारा, किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडा. डॉक्युमेंट केल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.