व्हिडिओसाठी रॉयल्टी-फ्री संगीत कसं शोधावं: आधी परवाना, मग चाल

सोलापुरात व्हिडिओ करणाऱ्यांना विषयांची वाण नाही. गड्ड्याची यात्रा, हुरडा, चादरीचे माग, कडक भाकरी, नान्नजचं माळरान, सगळं हाताशी आहे. एडिटिंगही पोरं फोनवरच झकास करतात. गाडी अडते ती मागे वाजणाऱ्या संगीतापाशी, आणि तिथे मिळणारे सल्ले ऐकून माझा संयम संपतो.

‘दहा सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं चालतं.’ असा नियम भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नाही आणि यूट्यूबच्या धोरणातही नाही. ‘खाली मालकाचं नाव लिहिलं की झालं.’ नाव लिहिल्याने परवानगी मिळत नाही. ‘पट्टी जरा चढवा, वेग वाढवा, मग पकडत नाही.’ कॉन्टेंट आयडी ही यूट्यूबची आवाज जुळवणारी यंत्रणा 2007 पासून चालू आहे, अशा बदललेल्या आवृत्त्या ती पुष्कळदा ओळखते. आणि नाही ओळखल्या तरी तो वापर विनापरवानाच राहतो. ‘सगळेच टाकतात, त्यांचं काय होतं?’ बऱ्याचदा मालक त्यावर हक्काचा दावा (क्लेम) लावतो, पण व्हिडिओ राहू देतो आणि त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवतो. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून सगळं आलबेल वाटतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रॉयल्टी-फ्री संगीतावरही बहुतेकदा कुणाचा तरी हक्क असतो. प्रत्येक वापरामागे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढीच सवलत असते, आणि तीही परवान्यात लिहिलेल्या अटींवर. म्हणून शोधायचा असतो तो परवाना. चाल नंतर निवडा.

शोध कुठे घ्यायचा

सुरुवात यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीतून करा. फुकट आहे, आणि तिथलं संगीत दाव्यांच्या बाबतीत सगळ्यात निर्धोक आहे. त्यात दोन प्रकार असतात: एकाला श्रेय द्यावं लागत नाही, दुसऱ्याला द्यावं लागतं. फिल्टर लावून पहिला प्रकार वेगळा काढा. त्यानंतर संगीतकार केविन मॅक्लाउड यांचं इन्कॉम्पेटेक, फ्री म्युझिक आर्काइव्ह, पिक्साबे, आणि जुन्या पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी म्युझओपन बघा. सुटे आवाज, म्हणजे पाऊस, बाजार, यंत्रांची खडखड, फ्रीसाउंडवर मिळतात. पैसे मोजायची तयारी असेल तर एपिडेमिक साउंड किंवा आर्टलिस्टची वर्गणी घ्या.

‘नो कॉपीराइट म्युझिक’ अशी पाटी लावलेल्या यूट्यूब चॅनलवरून गाणं उतरवू नका. पाटी कुणीही लावतो. ते गाणं त्या चॅनलवाल्याचंच आहे याला पुरावा काय? परवाना संगीतकाराच्या स्वतःच्या पानावर लिहिलेला दिसला तरच तो धरायचा.

परवान्यातली अक्षरं

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे तयार परवाने, अक्षरांवरून ओळखता येतात. सीसी झिरो म्हणजे मोकळं रान. सीसी बाय म्हणजे श्रेय सक्तीचं: गाण्याचं नाव, संगीतकार, मूळ पानाची लिंक आणि परवान्याचं नाव, चारही व्हिडिओच्या वर्णनात हवीत. एनसी असेल तर कमाईच्या व्हिडिओला ते चालत नाही, आणि दुकानाची जाहिरात म्हणजे कमाईच. एसए असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. एनडी, म्हणजे बदलाला मनाई, असेल तर लगेच सोडून द्या. ‘मी गाण्यात काही बदल केलाच नाही’ असं म्हणून अनेक जण ते वापरतात. पण हलत्या चित्राच्या तालावर संगीत बसवणं हेच या परवान्यांच्या लेखी रूपांतर ठरतं. म्हणजे एनडी संगीत व्हिडिओला वापरताच येत नाही.

अभंग आणि जुनी गाणी

पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, त्यामुळे वारीचे व्हिडिओ आपल्याकडे खंडीभर निघतात. ‘तुकोबांचा अभंग आहे, त्यावर कुणाचा हक्क?’ असं विचारतात. अभंगाच्या शब्दांवर कुणाचाच नाही. पण कुणा संगीतकाराने त्याला दिलेली चाल वेगळी, आणि कंपनीने केलेलं ध्वनिमुद्रण आणखी वेगळं. चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा, ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. 1960 साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचा भारतातला हक्क 2020 च्या अखेरीस संपला, हे खरं. त्यातल्या चालीचा मात्र शिल्लक असू शकतो, बाहेरच्या देशांचे कायदे वेगळे आहेत, आणि यूट्यूब जगभर दिसतं. जुनं म्हणून मोकळं, असं धरून चालू नका. दिंडीतल्या वारकऱ्यांनी पारंपरिक चालीवर म्हटलेला अभंग त्यांना विचारून स्वतः रेकॉर्ड करा. तो ऐकायलाही कितीतरी जिवंत लागतो.

गड्ड्यात शूटिंग करताना होम मैदानावरच्या पाळण्यांपाशी लाऊडस्पीकरवर सिनेमाचं गाणं चालू असतं. ते तुमच्या माइकमध्ये शिरलं तरी दावा येतो. तिथे दृश्यं घ्या, बोलणं मागाहून शांत जागी रेकॉर्ड करा.

अवघड पायरी: दावा आल्यावर

इथवरची कामं सरावाने हातात बसतात. मला खरा घाम फुटला तो यानंतरच्या पायरीवर. रीतसर घेतलेल्या, परवाना वाचून वापरलेल्या संगीतावरही दावा येतो. हिप्परग्याच्या तलावावरच्या पक्ष्यांचा माझा एक व्हिडिओ होता, मागे नुसती बासरी. कित्येक महिन्यांनी त्यावर कधी न ऐकलेल्या एका वितरक कंपनीचा दावा आला. संगीत संगीतकाराच्या स्वतःच्या पानावरून घेतलेलं, परवाना स्वच्छ. मग दावा कसा?

कारणं बहुतेक तीन असतात. संगीतकारानेच तो तुकडा पुढे एखाद्या वितरकाला दिलेला असतो आणि वितरकाने तो कॉन्टेंट आयडीत नोंदवलेला असतो. किंवा बाजारात मिळणारा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा छोटा तुकडा, दोघांनी वापरलेला असतो आणि एकाने आपलं गाणं नोंदवल्यावर यंत्रणा दुसऱ्यालाही पकडते. तिसरं कारण सरळ लबाडीचं: कुणीतरी फुकट संगीत उचलून स्वतःच्या नावावर नोंदवलेलं असतं. तिन्ही बाबतींत तुम्हाला वाचवतो तो एकच पुरावा: तुम्ही संगीत घेतलंत त्या दिवशी परवाना काय होता.

म्हणून संगीत उतरवतानाच पुरावा उतरवायचा. नंतर करू म्हटलं की ते राहतं, आणि मधल्या काळात पान बदलतं किंवा नाहीसं होतं. प्रत्येक तुकड्यासाठी एक फोल्डर करा. त्यात मूळ ऑडिओ फाइल, गाण्याचं नाव, संगीतकार, परवाना आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, परवान्याच्या मजकुराची पीडीएफ, लिंक, आणि पैसे दिले असतील तर पावती. पिक्साबेवर परवान्याचं प्रमाणपत्र उतरवता येतं, ते न चुकता घ्या. शिवाय ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानं तारखेसह साठवणाऱ्या साइटवर, जतन करा. तुमच्या स्क्रीनशॉटवर शंका घेता येते. तिथल्या तारखेवर घेणं अवघड. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की अटी पाळणाऱ्याकडून तो काढून घेता येत नाही. संगीतकाराने उद्या विचार बदलला तरी तुमचा हक्क शाबूत राहतो, फक्त तारीख दाखवता आली पाहिजे.

आता प्रत्यक्ष दावा. आधी घाबरणं थांबवा. कॉन्टेंट आयडीचा दावा म्हणजे स्ट्राइक, चॅनलला मिळणारी ताकीद, नव्हे. स्ट्राइक मालकाच्या कायदेशीर तक्रारीवरून व्हिडिओ काढला जातो तेव्हा लागतो, आणि 90 दिवसांत तीन लागले तर चॅनल बंद होऊ शकतं. दाव्यात बहुतेकदा फक्त कमाई दुसरीकडे वळते. ओळखीचे लोक लगेच ‘व्हिडिओ डिलीट कर’ म्हणतील. करू नका. व्ह्यू जातात, प्रतिक्रिया जातात, आणि लबाडाचं फावतं.

स्टुडिओत दाव्याचा तपशील उघडा. कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत आणि कोणत्या गाण्याशी जुळलंय ते बघा. तो भाग कानाने ऐका. कधी कधी दावा तुमच्या संगीतावर नसतोच, मागून गेलेल्या रिक्षातल्या गाण्यावर असतो. तसं असेल तर वाद घालू नका, तिथेच ते गाणं पुसण्याची किंवा तेवढा तुकडा कापण्याची सोय आहे, ती वापरा. दावा तुमच्या परवान्याच्या संगीतावरच असेल तर मात्र हरकत नोंदवा, आणि पाच दिवसांच्या आत नोंदवा. तेवढ्यात नोंदवली तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते.

कारणांच्या यादीतून परवान्याचं कारण निवडा. मजकुरात गाण्याचं नाव, संगीतकार, परवाना, घेतल्याची तारीख, मूळ पानाची आणि वेबॅक मशीनची लिंक, आणि व्हिडिओतली वेळ, एवढंच लिहा. ‘मी छोटा क्रिएटर आहे, कृपा करा’ असं लिहू नका. तुम्ही हक्काचं मागताय, विनवणी कशाला? दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात. उत्तर आलं नाही तर दावा आपोआप सुटतो. माझ्या बासरीवरचा दावा कागदांच्या जोरावरच सुटला.

दावेदाराने हरकत फेटाळली तर अपील करता येतं, आणि त्याला उत्तर द्यायला 7 दिवस मिळतात. पण या वळणावर थांबून फोल्डर पुन्हा तपासा. अपिलानंतर दावेदार व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो, आणि ती मान्य झाली तर स्ट्राइक लागतो. कागद पक्के असतील तर बिनदिक्कत पुढे जा. पक्के नसतील तर संगीत बदला आणि सोडून द्या.

दावा आधीच कळावा म्हणून व्हिडिओ आधी खाजगी ठेवून अपलोड करा आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रसिद्ध करू नका. पुढे येणारे दावे याने टळत नाहीत, पण निम्मी डोकेदुखी घरातच मिटते.

दुसऱ्यासाठी काम करत असाल तर

चाटी गल्लीतल्या कापड दुकानाची जाहिरात तुम्ही केलीत आणि ती दुकानाच्या चॅनलवर गेली, तर तुमची वैयक्तिक वर्गणी बहुतेकदा तिला लागू होत नाही. योजनेत ग्राहकांची कामं आणि जाहिराती येतात का, हे पैसे भरण्याआधी वाचा. इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला चित्रपटगीतं सहसा मिळत नाहीत. तिथे मेटाचं साउंड कलेक्शन वापरा, पण तेच संगीत यूट्यूबवर नेऊ नका, ते मेटाच्या मंचांपुरतं आहे. एआयने बनवलेल्या संगीतातही फुकटच्या योजनेत कमाईला अनेकदा मनाई असते.

आपलंच संगीत

माझी पहिली पसंती मात्र इथल्या वादकांना. हलगी, संबळ, सनई वाजवणारे लोक आपल्या आसपास आहेत, आणि परदेशी लायब्ररीतल्या ‘इंडियन’ नावाच्या सतारीपेक्षा आपल्या दृश्यांना हलगी शंभर पटींनी शोभते. पारंपरिक ठेक्यावर कुणाची मालकी नाही, पण वाजवणाऱ्याला कायद्याने कलाकार म्हणून हक्क आहे. त्यांना बिदागी द्या, आणि एका कागदावर लिहून घ्या: कोणी काय वाजवलं, कोणत्या तारखेला, किती पैसे दिले, आणि ते यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि जाहिरातींत वापरायला त्यांची परवानगी आहे. कागद मराठीतच करा, त्यांना वाचून दाखवा, सही दोन प्रतींवर घ्या आणि एक प्रत त्यांच्या हातात द्या. सिनेमातल्या गाण्याची चाल वाजवू नका, एवढं आधीच सांगून ठेवा.